सात वाजताची गिनती

भेरेकाकांबरोबर मी पहिल्यांदा त्या पाड्यावर गेले, तेव्हा ज्याला भेटायचं होतं त्याचं घर रस्त्याला लागून अगदी पहिलंच होतं. मी फाइल काढून तयार. काका मात्र त्या घराकडे ढुंकूनही न बघता सरळ पुढे चालत गेले आणि सातव्या का आठव्या घराच्या अंगणात थांबले. चपला कडेला काढल्या, पण ओट्यावर चढले नाहीत. अंगणातूनच हाक दिली, "वैनी, पानी भेटंल काय?" आतून एक बाई तांब्या घेऊन आली. काका तांब्या उंच धरून पाणी प्यायले, उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "आज आमी त्याच्याकडं जाताव. जाऊ ना?" बाईने रस्त्याकडे, त्या पहिल्या घराकडे पाहिलं. मग तिने नुसती मान हलवली. तेव्हा कुठे काका मागे वळले.

मी वैतागले होते. शहापूर तालुक्यातल्या शेणव्याहून इथवर चालत यायला तास गेला होता आणि परतीच्या एसटीची वेळ डोक्यात टिकटिकत होती. वाटेत मी विचारलं, "काका, आधी याला भेटून मग तिकडे गेलो असतो तर चाललं नसतं का?" काका म्हणाले, "ज्याचं घर जळलं त्याला आदी इचाराचं गो बाय. मंग ज्यानं काडी लावली त्याच्याकडं जाचं. उलटं केलंस तर तू त्याचीच पाव्हनी."

माझा संशोधनाचा विषय लोकांना सांगायला अवघड. लग्नाच्या मांडवात कुणी विचारलं तर मी "ग्रामीण समाज" एवढंच म्हणून मोकळी व्हायचे. खरा विषय असा, की लहान मुलींवर, बायकांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगून आलेले पुरुष गावी परततात, तेव्हा गाव त्यांचं काय करतं आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून काय करता येतं. माझ्याजवळ चाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. बाहेरच्या देशातल्या कुणा विद्वानाने केलेला आणि आमच्या विभागाने मराठीत आणलेला. उत्तरांना गुण द्यायचे, बेरीज करायची, आणि शेवटी चौकटीत लिहायचं, धोका कमी, मध्यम किंवा जास्त. त्यातला एक प्रश्न होता, "आपण आठवड्यातून किती वेळा मित्रांसोबत बाहेर जेवता?" काका म्हणाले, "लावनीच्या दिसांत आख्खा गाव बांधावरच जेवतो. लिही, रोज." मी फॉर्म मिटून ठेवला तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की ठसकाच लागला.

काका तुरुंगात शिपाई होते. गावात त्यांना सगळे हवालदार म्हणायचे, पण हवालदाराची फीत काही त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. "वरचा साहेब इचारायचा, काय रे भेरे, सगळं ठीक? मी म्हनायचा, नाय ठीक. मंग कशी मिळंल फीत?" अख्खी नोकरी त्यांनी बराकीत माणसं मोजण्यात घालवली. सकाळी कुलूप उघडताना गिनती, संध्याकाळी कुलूप लावताना गिनती. एक माणूस कमी भरला तर सगळा तुरुंग जागच्या जागी थांबतो. निवृत्त होऊन शेणव्याच्या रस्त्यावर आपल्या घरी आले, चार गुंठ्यांत वाल आणि काकडी लावू लागले, पण मोजायची सवय काही गेली नाही. एसटीत चढले की आधी माणसं मोजायचे, मग तिकीट काढायचे.

या कामात ते कसे पडले, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या बराकीत एक माणूस तीनदा आला होता. तिन्ही वेळा गुन्हा तोच. "पयल्यांदा सुटला तवा मी त्याला गेटावर सोडला. म्हनलं, नीट रहा रे. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा आला तवा त्याचा नंबर मना पाठ होता. आत होता तवर आमी दिसातून दोनदा मोजला त्याला. भायेर एकानं नाय मोजला. आन तो परत येतो म्हंजे काय? म्हंजे कुठतरी आनखी एक पोर रडली." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातल्या वालाच्या शेंगा सोलत राहिले.

ज्याच्या घरावरून आम्ही पुढे गेलो, त्याला मी इथे सखाराम म्हणेन. आणि जिच्या घरचं पाणी काका प्यायले, तिच्या मुलीला मंजू. दोन्ही नावं खरी नाहीत. मंजू दहा वर्षांची असताना त्याच पाड्यावरच्या सखारामने तिच्यावर अत्याचार केला. त्याला शिक्षा झाली, ती पूर्ण भोगून तो परत आला. एव्हाना मंजूचं लग्न होऊन ती मुरबाडकडे, वैशाखऱ्याला नांदत होती. सखाराम आला त्या महिन्यापासून तिने माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. ना गौरीला, ना भाऊबीजेला. आई दोन एसट्या बदलून तिला भेटून यायची. "पयलं बाळंतपन म्हायेरी होतं, भावजी," ती काकांना म्हणाली होती. "माझी पोर कदी यायची?"  काका मला परतताना म्हणाले, "तुझ्या फॉर्मात हा प्रश्न हाय काय? मंजू म्हायेरी आली का, नाय आली?" नव्हता.

पाड्यावर दोन तट होते. तरुण पोरं म्हणत, हाकलून द्या. काका त्यांना म्हणाले, "हाकला. मंग तो जाईल कुठं? जिथं त्याला कोन वळखत नाय तिथं. तिथल्या पोरींना सांगाया तू जाशील काय?"  म्हातारे म्हणत, झालं गेलं गंगेला मिळालं, भोगली ना शिक्षा. त्यांना काका म्हणायचे, "शिक्षा सरली म्हंजे सवय सरली असा काय कागद देत नाय जेल." मी एकदा त्यांना सरळच विचारलं, काका, तुम्हाला काय वाटतं, हा माणूस सुधारलाय का? त्यांचं उत्तर मी नंतर माझ्या प्रबंधात घातलं आणि परीक्षकांनी त्याखाली लाल रेघ मारली. ते म्हणाले, "तो कसा हाय ते देव जानं. तो आत्ता कुठं हाय ते आपल्याला ठावं पायजे."

काकांची रीत साधी होती. सखारामशी आधी उघड बोलायचं, त्याच्या पाठीमागे काही नाही. नदीवर बायका धुणं धुतात त्या वेळी तिकडे जायचं नाही. शाळेची पायवाट वापरायची नाही. कुणाचं पोर कडेवर घ्यायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, एकट्याने गुरं राखायला जायचं नाही, कारण गुरांमागे पोरंच असतात. शहापूरच्या एका भातगिरणीत त्याला कामाला लावलं, जिथे सगळी बाप्ये माणसं. आणि दिवसभरात चार माणसांनी त्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि काकांना कळवायचं. सखाराम सगळं खाली मान घालून ऐकायचा. एकदा म्हणाला, "काका, ह्ये बी जेलच झालं." काका म्हणाले, "व्हय. पर हितं सांजचं आयशीच्या हातची भाकर हाय."

आणि रोज संध्याकाळी सात वाजता काका एक फोन लावायचे. मला नाही, पोलिसांना नाही. मंजूच्या आईला. तीन शब्दांचा फोन. "वैनी, गिनती बरोबर." झालं. कधी ताप असो, घरात पाहुणे असोत, कुणाच्या मयतीला गेलेले असोत, सात वाजले की उपरण्यात गुंडाळलेला तो जुना बटणांचा मोबाइल बाहेर निघायचा. पहिल्या वर्षी ती बाई उत्तरच द्यायची नाही, नुसतं ऐकून ठेवून द्यायची.

इथे माझी चूक सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. तिकडे एक रीत आहे. गावाने बाहेर टाकलेला माणूस परत घ्यायचा असेल तर त्याच्या घरच्यांनी गावजेवण घालायचं. गाव जेवलं की विषय मिटला, मग कुणी तोंडावर काढायचा नाही. सखारामच्या आईने कोंबड्या विकून, भावाकडून तांदूळ आणून जेवण घातलं. मंजूचं घर सोडून जवळजवळ सगळा पाडा पंगतीला बसला. मला म्हातारीने हाताला धरून बसवलं, "ताय, दोन घास तरी खा," म्हणाली. तिचे डोळे पाहून मला नाही म्हणवेना. जेवले. भात, वालाचं बिरडं आणि गोड म्हणून गुळाची लापशी. काका गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते. घरून भाकर खाऊन आले होते, आणि पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची. कुणीतरी कुजबुजलं, म्हातारा माजलाय. मलाही त्या दिवशी ते जरा अतिच वाटलं.

त्या आठवड्यात मी सखारामचा फॉर्म पुन्हा भरला आणि चौकटीत लिहिलं, "धोका कमी." सगळे प्रश्न मी विचारले होते, सगळी उत्तरं चांगली होती. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत असे.

पुढे पावसात काका तापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. फोन चालूच होते. चौघे सांगत, आहे, ठीक आहे, आणि काका तेच पुढे सांगत. बरे झाल्यावर आम्ही दोघं सकाळी लवकर पाड्यावर निघालो. ओढ्याला चांगलं कमरेएवढं पाणी होतं. आणि पलीकडून सखाराम येत होता, शाळेतली एक चिमुरडी मुलगी खांद्यावर, दुसरी कडेवर. पलीकडच्या काठावर आणखी चार-पाच पोरं आपला नंबर यायची वाट बघत होती. एक बाई कौतुकाने म्हणाली, "लय मदत करतो, काका. रोज सोडतो पोरांना. गिरनीत मंग उशिरा जातो बिचारा."

काहीही घडलं नव्हतं. हे मी नंतर नीट, एकेका घरी जाऊन विचारलं. पण काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि त्यांना रागावलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. आधी ते पाण्यात उतरले, एवढ्या अशक्तपणात, आणि एकेक पोर स्वतः अलीकडे आणलं. मग त्या चौघांना बोलावलं. "रोज आठाला तो कुठं असतो ते तुमाला दिसत व्हता. मना का नाय सांगितला?" चौघांतला थोरला खाली बघत म्हणाला, "काका, त्याच्या घरचं जेवलो आमी. आता रोज रोज कसं इचाराचं? तोंड कसं उघडाचं?"

काका माझ्याकडे वळले. "तू पन जेवलीस," एवढंच म्हणाले. मला वाटलं, ओढ्याने मला पोटात घ्यावं. त्या फॉर्मची चौकट, ते "धोका कमी", ते काही प्रश्नांतून आलेलं नव्हतं. ते लापशीतून आलं होतं.

सखाराम काठावर उकिडवा बसून रडत होता. "मी काय केला नाय, काका. आयशीशपथ, काय केला नाय." काका त्याच्याशेजारी बसले. त्यांचं धोतर ओलं, दात थंडीने वाजत होते. "नाय केलास म्हनून तर आज तुझ्याशी बोलतोय. केल्यावर बोलून काय उपेग? तुला आवडायला लागला व्हता ना, पोरांनी हाका मारलेला?"  मग सखाराम हळूच म्हणाला, "व्हय." काका म्हणाले, "ह्ये आज बोललास ना, ह्ये चांगला केलास. आवडायला लागला की मना सांगाचं. मी मारनार नाय. पर सांगाचं."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी गावाची बैठक बसवली. गावजेवणाची रीत मोडायला नको, म्हणाले, ती तुमची आहे. पण एक नवी गोष्ट जोडा. जो मोजणार त्याने जेवायचं नाही, आणि जो जेवला त्याने मोजायचं नाही. मग जेवायला न गेलेली माणसं शोधायला लागलो. मंजूच्या बापाचं नाव कुणी घेतलं तर काकांनी तिथेच तोडलं, "त्यांच्यावर ह्ये वझं नाय टाकाचं." शेवटी तीन माणसं निघाली. गिरणीचा मिस्त्री, जेवणाच्या दिवशी बाजाराला गेलेली बचतगटाची एक बाई, आणि त्या दिवशी उपास असलेला एक म्हातारा. चौथं कोण? कोपऱ्यातून सखारामची आई उठली. म्हणाली, "मी मोजीन." कुणीतरी हसलं, "म्हातारे, तू तर रोज त्याच्याच घरचा खातेस." काका म्हणाले, "आई राबून खाते रे. ती पाव्हनी नाय." म्हातारीने तोपर्यंत आपल्या लेकाने ते केलं हे कधी कबूल केलं नव्हतं, कोर्टातही नाही. त्या दिवशी तिने मान वर करून मंजूच्या बापाकडे पाहिलं. मला वाटतं, माझ्या सगळ्या संशोधनात त्याहून मोठं काही घडलेलं मी पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मंजूला दिवस गेल्याचं कळलं. आणि एका दुपारी सखाराम स्वतः काकांच्या दारात आला. मी तिथेच होते, माझा फॉर्म नव्याने लिहीत होते. प्रश्न आता काका सांगायचे. सखाराम अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "काका, मंजू बाळंतपनाला येनार असं आईनं सांगितला. मी हितं नसलेला बरा. ती मना बघंल, घाबरंल. मना कुठं तरी धाडा." काका उठले. मग आत जाऊन त्यांनी सदरा घातला.

सिद्धगडाच्या पायथ्याला बांधबंदिस्तीचं काम चालू होतं, दगड रचायचं. सगळे बाप्येच. काकांनी सखारामला तिथे नेलं, मीही गेले. मुकादमापुढे आणि गावच्या पोलीस पाटलापुढे त्याला उभं केलं आणि म्हणाले, "आता सांग. तुझ्या तोंडानं." सखारामने सांगितलं. काय केलं, कुणाला केलं, किती वर्षं आत होता. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मुकादम मागे सरकला, थुंकला, मग म्हणाला, "ठेवतो. पर माझ्या नजरेसमोर." काका म्हणाले, "तेच पायजे. सांजला सात वाजता मना फोन करा." परतताना एसटीत त्यांनी माणसं मोजली नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. खिडकीला डोकं टेकून ते झोपी गेले होते.

मंजू आली. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, आणि सव्वा महिना माहेरी राहिली. काका अंगणात उभे राहून म्हणाले, "वैनी, पानी भेटंल काय?" तर या वेळी तांब्या घेऊन मंजूच आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. नाजूक, उंच, भुवया जोडलेल्या. काका पाणी प्यायले आणि तांब्या परत दिला. "बाय, झोप लागते ना?" त्यांनी विचारलं. "लागते काका," ती म्हणाली. "सात वाजल्यावर लागते."

मी काकांना नंतर एकदा म्हटलं, आता तरी मान्य करा, सखाराम बरा झालाय. काका म्हणाले, "आज झालाय. उद्याचा उद्या."

मागच्या वर्षी, भात झोडणीच्या दिवसांत, काका गेले. रात्री जेवून आडवे झाले ते सकाळी उठलेच नाहीत. मी कल्याणहून पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तुरुंगातले दोन म्हातारे शिपाई आले होते. मंजू वैशाखऱ्याहून आली होती, लेकीला घेऊन. बायकांमध्ये बसली होती. मला पाहून उठली, बाजूला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, काका गेले. आता गिनती कोन करल?"

 माझा प्रबंध कधीच पूर्ण झाला होता, मी कॉलेजात शिकवायला लागले होते, महिन्यातून एकदा इकडे येत असे. आमच्या विषयात प्रकल्प संपला की माणसंही संपतात. मी तिची नजर चुकवून रस्त्याकडे पाहिलं, तर रस्त्याच्या पलीकडे, सागाच्या झाडाखाली, सखाराम उभा होता. गिरणीतून तसाच आला असावा, अंगभर कोंड्याची धूळ. बायका होत्या म्हणून तो अंगणात आला नव्हता. काकांनी आखून दिलेली रेघ तो काकांच्या मयतीतही ओलांडत नव्हता.

मी रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेले. त्याने हात जोडले, आणि मी काही विचारायच्या आत सांगायला लागला, "सकाळी सातला घरनं निंगलो. आठाला गिरनीत. दुपारी मिस्त्रीबरोबर जेवलो. आता हितं हाय. खांदा द्याया मागनं येन, बायका गेल्यावर. मंग घरी. आई सांगंल." ऐकायला काका नव्हते, तरी तो सांगत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, कोंड्यातून त्याच्या गालावर दोन वाटा झाल्या होत्या. मला त्याची कीव आली नाही, राग आला नाही. माझं रडू मात्र मला तिथे आवरेना.

संध्याकाळी माझा फोन वाजला. सखारामच्या आईला माझा नंबर काकांनी कधी देऊन ठेवला होता, मला माहीत नाही. "ताय, पोऱ्या घरी हाय. माझ्यासमोर बसलाय," ती म्हणाली. मी घड्याळ पाहिलं, सातच वाजत होते, आणि मंजूला फोन लावला. तिने उचलला, पण काही बोलली नाही, पहिल्या वर्षी तिची आई बोलत नसे तशीच.

"मंजू," मी म्हटलं, "गिनती बरोबर."